निकालाच्या आधी करायची यादी : विज्ञानाची आवड असलेल्यांनी अर्ज कुठे करावेत?

(अकरावी-बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा प्रश्न साधा आहे. बारावी सायन्सनंतर ज्यांना डॉक्टर किंवा इंजिनियर व्हायचं नाहीये, किंवा व्हायचंच असं काही नाही, पण विज्ञान मनापासून शिकायचंय, त्यांनी अर्ज कुठे कुठे करावेत?

आपल्याकडे 'बीएस्सी' हा शब्द घरात कधी निघतो, आठवून बघा. निकालानंतर. नीटचा स्कोअर कमी आला, सीईटीला हवी ती ब्रँच मिळाली नाही, मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, बीएस्सीला टाकू." हे 'टाकू' क्रियापद फार बोलकं आहे. इंजिनियरिंगला आपण प्रवेश 'घेतो', मेडिकलला नंबर 'लागतो', आणि बीएस्सीला मुलाला 'टाकतो'. ज्या मुलीला आठवीपासून किडे-फुलपाखरं बघायचा नाद आहे, तिच्याही बाबतीत आपण हेच करतो आणि जे उरलंय त्यातून काहीतरी उचलतो.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. विज्ञानासाठीची यादी निकालाच्या आधी करावी लागते, आणि ती कॉलेजच्या नावावरून करायची नसते. तिथे गेल्यावर तुम्ही रोज काय कराल, हातात कोणतं उपकरण येईल, शंका कोणाला विचाराल, यावरून करायची असते. बाकी सगळं या एका गोष्टीचा तपशील आहे.

आधी कॅलेंडर

तारखांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि निकाल साधारण मे महिन्यात लागतो. आता देशातल्या चांगल्या विज्ञानसंस्थांचे अर्ज कधी निघतात? आयसरच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज गेल्या काही वर्षांत मार्च-एप्रिलच्या सुमारास सुरू झालेत, आणि परीक्षा मे-जूनमध्ये झाली आहे. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांचे अर्जही साधारण त्याच सुमारास भरायचे असतात आणि परीक्षा मेमध्ये. म्हणजे तुमचा बारावीचा निकाल हातात येईपर्यंत यातली बरीच दारं बंद झालेली असतात. अभ्यास कमी पडला म्हणून हुकलं तर एक वेळ समजू शकतो. पण या परीक्षा आहेत हेच माहीत नव्हतं म्हणून हुकलं, तर ते फार लागतं. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये दोन वर्षं घासलेल्या मुलाला नीटची तारीख झोपेतही सांगता येते, पण त्यालाच 'आयसर' म्हटलं तर ते काय असतं हे ठाऊक नसतं.

तेव्हा पहिलं काम. जानेवारीत एक वही करा. प्रत्येक संस्थेसाठी एक पान. अर्ज सुरू कधी, शेवटची तारीख कधी, परीक्षा कधी, फी किती, कागद कोणते. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तक्त्यावरून नाही.

आवड कशी ओळखायची

यावर फार वेळ घालवत नाही, पण थोडं बोलायला हवं. बारावीला फिजिक्समध्ये ९५ मिळाले म्हणजे फिजिक्सची आवड आहे, असं नसतं. आणि ७० मिळाले म्हणजे आवड नाही, असंही नसतं. आपल्याकडे आता 'इंटिग्रेटेड' प्रकार बोकाळलाय. नाव कॉलेजचं आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. अशा ठिकाणी प्रॅक्टिकलचे ३० पैकी २८ मिळालेले असतात, पण मुलानं ब्युरेट धरलेलं नसतं. त्याला केमिस्ट्री आवडते की केमिस्ट्रीचे बहुपर्यायी प्रश्न आवडतात, हे त्यालाच माहीत नसतं.

स्वतःला एवढंच विचारा : उत्तर कळल्यावर मी थांबतो का? गणित सुटलं, उत्तर जुळलं आणि पान उलटलं, हा एक स्वभाव झाला. उत्तर जुळलं तरी 'असं का होतं' म्हणून अर्धा तास आणखी बसलो, हा दुसरा. दुसरा स्वभाव असेल तर आज मी जे सांगतोय ते तुमच्यासाठी आहे.

अकरावीतल्यांसाठी एक सूचना. बायोलॉजी घेतलं म्हणून गणित सोडून देऊ नका. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पदवीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित, तिन्ही लागतात. चेन्नईच्या गणित संस्थेला आणि स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला तर गणिताशिवाय अर्थच नाही. आयसरला बायोलॉजी-गणितापैकी एक नसलं तरी अर्ज करता येतो, पण परीक्षेत चारही विषयांचे प्रश्न असतात. ६० प्रश्न, प्रत्येक विषयाचे १५. गणित सोडलेल्याच्या हातून पाव पेपर जवळजवळ जातो. आणि आजचं जीवशास्त्र, मग ते जनुकांचं असो की साथरोगांचं, आकडेमोडीशिवाय पुढे सरकत नाही.

दारं किती आहेत?

ढोबळमानानं चार.

पहिलं दार राष्ट्रीय विज्ञानसंस्थांचं. आयसर सात ठिकाणी आहेत : पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर. पुण्याचं आणि कोलकात्याचं २००६ साली सुरू झालं, बाकीची नंतर. त्यांचा मुख्य अभ्यासक्रम पाच वर्षांचा, बीएस-एमएस. सुरुवातीला सगळ्यांना सगळे विषय, मग आपला विषय, आणि शेवटचं वर्ष मुख्यतः संशोधन प्रकल्पाचं. परीक्षा एकच, पसंतीक्रम तुम्ही द्यायचा. भुवनेश्वरला नायझर आहे आणि मुंबईत कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांचं मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे. त्याला सीईबीएस म्हणतात. या दोन्हींसाठी 'नेस्ट' ही एकच परीक्षा. गंमत अशी, की मुंबईतल्याच कितीतरी मुलांना कलिन्याच्या या केंद्राचा पत्ता नसतो.

बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनं २०११ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. तो चार वर्षांचा आहे. तिथे वेगळी प्रवेशपरीक्षा नसते, इतर परीक्षांमधल्या गुणांवर प्रवेश मिळतो. पण अर्ज मात्र त्यांच्याकडे स्वतंत्र करावा लागतो, आणि इथेच लोक चुकतात. परीक्षा दिली, रँकही चांगली आली, पण फॉर्म भरलाच नाही, म्हणून जागा गेली.

दुसरं दार गणित-संख्याशास्त्राचं. कोलकात्याला बी.स्टॅट., बंगळूरला बी.मॅथ., चेन्नईजवळ सिरुसेरीला गणित आणि संगणकशास्त्र. या परीक्षांमध्ये पाठांतर चालत नाही. सिद्धता लिहायला सांगतात.

तिसरं दार तंत्रशिक्षणाच्या आतलं विज्ञान. आयआयटी मुंबईत इंजिनियरिंग फिजिक्स आहे, केमिस्ट्री आणि गणिताचे चार वर्षांचे बीएस अभ्यासक्रम आहेत. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. जुने लोक तिला यूडीसीटी म्हणतात, १९३३ सालची. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच विद्यार्थी. ज्यांना रसायन आवडतं आणि हातात पदवीबरोबर कामही हवंय, त्यांनी ही संस्था यादीत ठेवलीच पाहिजे.

चौथं दार आपलं नेहमीचं : बीएस्सीचं कॉलेज. सगळ्यात जास्त मुलं इथूनच जातात. आणि निवड करताना सगळ्यात कमी विचार होतो तो इथेच. म्हणून मी इथे थोडा थांबणार आहे.

जवळचं कॉलेज तपासायचं कसं?

आधी एक गैरसमज दूर करू. बीएस्सीच्या साध्या कॉलेजातून पुढे काही होत नाही, हे खरं नाही. डॉ. माधव गाडगीळ यांनी फर्ग्युसनमधून बीएस्सी केलं, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी केलं आणि मग हार्वर्डला गेले. आजही बीएस्सीनंतर 'जाम' परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एकत्रित पीएचडीला जाता येतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वेगळी परीक्षा असते. म्हणजे बारावीला हुकलेलं दार तीन वर्षांनी पुन्हा उघडतं. प्रश्न एवढाच, की मधली तीन वर्षं तुम्ही कुठे घालवता. ती तीन वर्षं तुम्हाला तयार करतील का?

म्हणून कॉलेजला जाऊन बघा. प्रवेशाच्या दिवशी नाही, त्याआधी. जानेवारी-फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी. आणि पाच गोष्टी तपासा.

पहिली, प्रयोगशाळा. गेटवर कुणी अडवलं तर सांगा, प्रवेश घ्यायचाय म्हणून बघायला आलोय. उपकरणं कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर आहेत? एका प्रयोगाला किती मुलं उभी आहेत? दोघं-तिघं असतील तर ठीक. आठ जण असतील तर दोघं करतात आणि सहा जण रीडिंग उतरवून घेतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला सांगा, "तुझं जर्नल दाखव ना." त्या जर्नलमधली रीडिंग फारच सुबक आणि पुस्तकातल्यासारखी असतील तर समजून जा. खऱ्या प्रयोगात रीडिंग चुकतात, खोडाखोड होते, एखादा बिंदू आलेखाबाहेर पडतो.

दुसरी, शिक्षक. हा अवघड विषय आहे, पण टाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांमध्ये प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतं. यात त्या शिक्षकांना दोष नाही. त्यातले कितीतरी नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले, जीव ओतून शिकवणारे असतात. पण ज्याला तासावर पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसतं, त्यानं तुमचा वर्षभराचा प्रकल्प कसा घ्यायचा? म्हणून विचारा : माझ्या विषयाच्या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती? पूर्ण कॉलेजात नव्हे, माझ्या विभागात. बाहेरून मोठं दिसणाऱ्या कॉलेजात तुमच्या विषयाला एकच पूर्णवेळ माणूस असू शकतो. आणि लहान गावातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे तीन असे शिक्षक असू शकतात, जे मुलांना दर शनिवारी रानात घेऊन जातात.

तिसरी, ग्रंथालय. किती वाजेपर्यंत उघडं असतं? पहिल्या वर्षाच्या मुलाला पुस्तक घरी मिळतं का? गाईडच्या पलीकडची पुस्तकं आहेत का, आणि त्यांच्यावर धूळ आहे की बोटांचे ठसे?

चौथी, चौथं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. त्यात संशोधनासह ऑनर्स असा एक प्रकार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीनुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेल्यांना तो निवडता येतो. पण तुमच्या कॉलेजात, तुमच्या विषयात तो चालू आहे का? माहितीपत्रकात लिहिलेलं असेल, पण मार्गदर्शक किती आहेत ते विचारा. तीन वर्षांनंतर दुसरीकडे जावं लागणार असेल तर ते आजच माहीत असलेलं बरं.

पाचवी, आजूबाजूला काय आहे. हा मुद्दा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. पुण्यात बीएस्सी करणाऱ्या मुलाच्या सायकलच्या टप्प्यात आयुका आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईत टाटा संस्था आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. नागपूरला नीरी आहे. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. अशा ठिकाणी जाहीर व्याख्यानं होतात, विज्ञान दिनाला दारं उघडतात, सुट्टीत प्रकल्प मिळू शकतात. कॉलेज मध्यम असलं तरी गाव चांगलं असेल, तर उत्साही मुलाचं नुकसान बरंच भरून निघतं.

आणि गाव लांब असेल तर? त्यासाठीही वाटा आहेत. तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करता येतं. होमी भाभा केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'एनआययूएस' नावाचा उपक्रम आहे. गणितवाल्यांसाठी १९९३ पासून 'एमटीटीएस'ची उन्हाळी शिबिरं चालू आहेत. कॉलेज बघायला जाल तेव्हा सहज विचारा, "सर, इथली मुलं उन्हाळ्यात कुठे जातात का हो?" ज्या विभागात या प्रश्नावर शिक्षकाचा चेहरा खुलतो, तो विभाग यादीत वर घ्या.

रँकिंगचं काय?

नॅकचा दर्जा कॉलेजचा असतो, विभागाचा नसतो. इमारत, व्यवस्थापन, नोंदी, सगळं धरून तो दिलेला असतो. त्यावरून तुमची केमिस्ट्रीची लॅब कशी आहे हे कळत नाही. एनआयआरएफची क्रमवारी २०१६ पासून निघते. त्यात अध्यापन, संशोधन, पदवीचे निकाल, सर्वसमावेशकता यांबरोबर 'लोकांचं मत काय' यालाही गुण असतात. म्हणजे ज्याचं नाव आधीच मोठं, त्याला त्याचा फायदा मिळतो.

पण त्या क्रमवारीमागची एक गोष्ट फार उपयोगी आहे आणि ती कोणी बघत नाही. सहभागी कॉलेजांना आपली माहिती जाहीर करावी लागते. त्या पीडीएफमध्ये शिक्षकांची यादी असते, किती विद्यार्थी पास झाले, किती पुढच्या शिक्षणाला गेले, हे आकडे असतात. क्रमांक सोडून द्या, ती पीडीएफ उघडा. आकडे कॉलेजनं स्वतः दिलेले असतात हे लक्षात ठेवून वाचा, आणि जाऊन बघितलेल्या गोष्टींशी ताडून पाहा.

पैसे आणि कागद

आता पालकांसाठी. खर्चाचं बोलणं मुलासमोर करा. "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू" हे प्रेमानं म्हटलेलं असतं, पण मग मूल अंदाजानं यादी करतं. एक तर परवडणार नाही तिथे स्वप्न बांधतं, नाहीतर परवडलं असतं ते स्वतःच सोडून देतं.

काही गोष्टी माहीत असू द्या. केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे. बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ८० हजारांपर्यंत मिळतात. त्यातले ६० हजार थेट आणि २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. ही शिष्यवृत्ती आयसरलाच मिळते असं नाही. पात्र असाल तर गावच्या कॉलेजात बीएस्सी करतानाही मिळते, आणि इंजिनियरिंगला गेलात तर मिळत नाही. स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आजवर शिकवणी शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळत आलंय. राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर आहेत. त्या-त्या वर्षीचे नियम बघून घ्या.

आणि एक कागद. राष्ट्रीय संस्थांमध्ये आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस हे केंद्राच्या नमुन्यात लागतात. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र तिथे चालेलच असं नाही, आणि राज्याची यादी व केंद्राची यादी एकच नसते. समुपदेशनाच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांगेत उभं राहून हे होत नाही. एप्रिलमध्येच तहसीलच्या कामाला लागा.

तीन याद्या

आता हे सगळं एकत्र कसं करायचं? तीन काल्पनिक विद्यार्थी घेऊ. प्रत्येकाच्या यादीत तीन थर : अवघड, जमण्यासारखं आणि नक्की मिळेल असं. सहा ते आठ अर्ज पुरेत. प्रत्येक फॉर्मला पैसे लागतात आणि प्रत्येक परीक्षेला प्रवास.

समजा, बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची एक मुलगी आहे. जीवशास्त्राची आवड, अकरावीपासून गणितही ठेवलंय, घरी शेती. तिनं आयसर आणि नेस्ट दोन्ही द्याव्यात. नीट द्यायची तर द्यावी, अभ्यास बराचसा सामाईक आहे. मधल्या थरात राज्याच्या सीईटीवर कृषी पदवी, परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे. तिसऱ्या थरात छत्रपती संभाजीनगरची शासकीय विज्ञान संस्था आणि तिथलंच आणखी एखादं कॉलेज, पण आधी जाऊन विभाग बघून. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, तो विसरायचा नाही.

दुसरा, ठाण्याचा मुलगा. गणितात रमणारा, केमिस्ट्रीचा कंटाळा. त्याला सगळे जेईई-जेईई करतायत. देऊ दे. पण त्याबरोबर चेन्नई, स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि कलिन्याचं केंद्र. या परीक्षांचे जुने पेपर त्यानं दिवाळीतच सोडवून बघावेत. मजा आली तर तो या वाटेचा आहे. नक्की मिळेल अशा थरात मुंबईतलं एखादं कॉलेज, जिथे तिसऱ्या वर्षी गणित हा मुख्य विषय घ्यायला पुरेशी मुलं असतात. मुलं कमी म्हणून विषयच बंद झाला, असं काही ठिकाणी होतं, तेव्हा हे विचारून घ्यायचं.

तिसरी, रत्नागिरी जिल्ह्यातली मुलगी. रसायन आवडतं, पण तीन वर्षांनी घराला हातभार लावणं भाग आहे. तिच्या यादीत माटुंगा वर. त्याखाली केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, आणि तेही अशा कॉलेजात, जिथे उपकरणांवर हात बसतो. लोटे, महाड, रोहा, तारापूर इथल्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांना टायट्रेशन स्वतःच्या हातानं करता येणारं माणूस लागतं. नोकरी करून पुढे एमएस्सी करता येतं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचंच असेल तर शिष्यवृत्तीचा हिशेब करूनच. ही यादी पहिल्या दोघांपेक्षा कमी दर्जाची नाही, तिची गरज वेगळी आहे म्हणून यादी वेगळी आहे.

बघा, तिघांच्या याद्यांमध्ये फार थोडी नावं सारखी आली. म्हणून मैत्रिणीची यादी उतरवून घेऊ नका.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुलीला भुवनेश्वर-मोहालीला एवढ्या लांब पाठवायचं का?*

ताई, काळजी रास्त आहे. पण आपल्याकडचा एक इतिहास सांगतो. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला तेव्हा मुलगी म्हणून त्यांना नकार मिळाला. नकार देणारे होते खुद्द सी. व्ही. रामन. त्यांनी आग्रह धरला, अटींवर प्रवेश मिळवला आणि पुढे केंब्रिजहून पीएचडी घेतली. त्यांना संस्थेनं अडवलं होतं. आज संस्था अडवत नाही. वसतिगृह आवारातच असतं. जमलं तर एकदा मुलीबरोबर जाऊन बघून या, तिथल्या मराठी मुलींशी बोला, मग ठरवा. पण न बघता नाही म्हणू नका.

*मराठी माध्यमातल्या मुलांचा निभाव लागतो का?*

पहिलं सत्र जड जातं, खोटं कशाला सांगू. अडचण विज्ञानाची नसते, वेगाची असते. इंग्रजी व्याख्यान कानावरून जातं तोवर पुढचं वाक्य आलेलं असतं. बारावीची परीक्षा झाल्यावरच्या दोन महिन्यांत रोज एक इंग्रजी व्याख्यान ऐका आणि त्याचा सारांश लिहा, मराठीत लिहिला तरी चालेल. संकल्पना मातृभाषेत पक्की असेल तर भाषा मागून येते.

*एक वर्ष गॅप घेऊन पुन्हा नीट-जेईई द्यावी का?*

ज्याला डॉक्टरच व्हायचंय त्यानं विचार करावा. पण ज्याला विज्ञान शिकायचंय त्याचं ते वर्ष त्याच त्या प्रश्नांमध्ये जातं. बीएस्सीला प्रवेश घ्या आणि शिकायला लागा. पुढे जाम आहे, इतर परीक्षा आहेत. गॅप घ्यायचीच असेल तर आयसर, नेस्टचे वयाचे आणि उत्तीर्ण वर्षाचे त्या वर्षीचे नियम आधी वाचा.

*बीएस्सी करून नोकरी मिळते का?*

नुसत्या पदवीवर मिळेलच असं मी म्हणणार नाही. तसं ते आता इंजिनियरिंगच्या पदवीलाही म्हणता येत नाही. तीन वर्षांनी तुम्हाला एखादं उपकरण चालवता येतं का, माहितीचं विश्लेषण करता येतं का, दहा पानांचा अहवाल नीट लिहिता येतो का, यावर ते ठरतं. म्हणूनच मघाशी मी एवढा वेळ प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात घालवला.

*माझी बारावीची परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय. आता काय करू?*

आता परीक्षेचा अभ्यास कर. यादीचं काम आई-बाबांपैकी कोणाकडे तरी दे. त्यांनी वहीत तारखा लिहाव्यात, कागद गोळा करावेत. शेवटचा पेपर झाला की दोन दिवस झोप काढ आणि तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन बस. आयसरचा अर्ज तोपर्यंत सुरू झालेला असू शकतो, तो आधी बघ.

वेळ संपलीय, बाहेर आणखी प्रश्न असतील तर मी थांबतोय.